नहपान हरला, चेहरा उरला
नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. १३,०००हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. नहपानाला हरवल्यावर त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले. नाणं जेमतेम दोनेक ग्रॅमचं. एका बाजूला नहपानाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांवर सातवाहनांची तीन कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह ठोकलेलं आहे. कित्येक नाण्यांवर त्या ठशातूनही जुन्या चेहऱ्याच्या रेषा दिसतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की शत्रूचा चेहरा झाकताना गौतमीपुत्राने त्यावर स्वतःचा चेहरा उमटवला नाही. सातवाहनांची सत्ता नावातून, कुळातून आणि चिन्हातून बोलत असे. नाणेघाटातल्या लेण्यात सिमुक, पहिला सातकर्णी, राणी नागनिका या गौतमीपुत्राच्या पूर्वजांच्या प्रतिमा होत्या खऱ्या, पण प्रत्येकीच्या वर नाव कोरलेलं होतं. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात माता गौतमी बलश्री लेकाच्या मुखाला कमळाची आणि चंद्राची उपमा देते; पण तशी ती कोणत्या राजाला दिली जात नाही?

असं असूनही पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचं मस्तक आलंच, आणि तेही क्षत्रपांच्या धाटणीचं. रणात जिंकलेल्या घराण्याने सत्ता दाखवण्याची रीत हरलेल्यांकडून घेतली. यात कलेचा काय संबंध, ही निव्वळ बाजाराची सोय, असा आक्षेप घेता येईल. सोय होतीच. मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची नाणी भडोचच्या बाजारात त्यांच्यामागेही बराच काळ चालत होती. चांदीवर मुखवटा पाहायची लोकांना सवय होती. पण सातवाहनांची शिशाची, तांब्याची बहुतेक नाणी चेहऱ्याविना बिनबोभाट खपत होती. म्हणजे चेहरा ही नाण्याची गरज नव्हती. जिथे लोक चेहऱ्यावरून राजा ओळखायला शिकले होते, तिथे राजाला चेहरा दाखवणं भाग पडलं. प्रतिमेने पाहणाऱ्याची नजर घडवली आणि त्या नजरेने पुढच्या राजाला बांधून घेतलं, असं माझं मत आहे.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे: हा राजाला आपलं रूप मागे ठेवायचा हौसेचा मामला नसेल कशावरून? उत्तर नहपानाच्याच नाण्यांत आहे. त्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरणा, कुठे म्हातारा, नाकाची ठेवणही निरनिराळी. हे एकाच घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांचे चेहरे असावेत, असाही तर्क झाला आहे. नाव मात्र सगळीकडे नहपानाचंच. साम्य साधायचं असतं तर असा गोंधळ चालला नसता. तिथे माणूस गौण होता, चेहरा गादीचा होता.

ही देवघेव एकतर्फीही राहिली नाही. नहपानानंतरच्या, चष्टनाच्या घराण्यातल्या क्षत्रपांनी आपल्या नाण्यांच्या मागच्या बाजूला तीन कमानींची टेकडी घेतली. पुढे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने या क्षत्रपांचं राज्य बुडवलं आणि चांदीचं नाणं पाडलं, तेव्हा टेकडीच्या जागी त्याने गरुड बसवला. दर्शनी बाजूचं क्षत्रपी वळणाचं मस्तक आणि ग्रीक अक्षरांच्या उरल्यासुरल्या खुणा मात्र त्याने तशाच ठेवल्या.