लेबकूखेन: मध, मसाला आणि मुरवण

जर्मनीतील नुरेंबर्ग नगरात, ख्रिस्तजयंतीपूर्वीचे चार पवित्र रविवार जवळ येऊ लागले म्हणजे, दालचिनी, लवंग आणि तापलेला मध यांचा जो मिश्र गंध घराघरांतून दरवळू लागतो, तो ‘लेबकूखेन’ नावाच्या मसालेदार बिस्किटांचा होय. हा पदार्थ तेथेच का बहरला, याचे उत्तर त्या नगराच्या भूगोलात आणि व्यापारात आहे. नगराभोवतीच्या अरण्यास साम्राज्याची ‘मधमाश्यांची बाग’ असेच म्हणत. तेथे मध काढणाऱ्यांना सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५० साली सनद दिली, आणि त्यांचे तंटे तोडण्यास फॉइख्त गावी त्यांची स्वतंत्र न्यायसभा भरत असे. मध असा दाराशी. मसाले मात्र सातासमुद्रांपलीकडचे. मलबारची मिरी व्हेनिसच्या बाजारातून आल्प्स ओलांडून नुरेंबर्गच्या वखारींत उतरे, आणि १५०५ साली पोर्तुगिजांचे जे आरमार हिंदुस्थानाकडे निघाले, त्यात या नगरातील सावकारांचेही भांडवल गुंतलेले होते. १६४३ साली तेथील लेबकूखेनवाल्यांना रोटीवाल्यांपासून निराळा, स्वतःचा पेशेसंघ मिळाला. आणि आज त्या नगराबाहेर भाजलेल्या बिस्किटांस त्याचे नाव लावण्यास युरोपीय कायद्याची मनाई आहे.

‘एलिझेन’ हा यातला श्रेष्ठ प्रकार. त्यात बदाम, अक्रोड आदी मेवा किमान चौथा हिस्सा हवा आणि मैदा दहाव्या हिश्श्याहून अधिक नको, असा दंडक आहे. परंतु घरी प्रथमच करणाराने त्याच्या वाटेस न जाता साध्या मधाच्या बिस्किटांपासून आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाव किलो मध, १०० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम लोणी मंद आंचेवर, उकळी न येऊ देता, साखर विरघळेपर्यंत तापवावे. कोमट झाल्यावर त्यात अर्धा किलो मैदा आणि दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, सुंठ, बडीशेप व धने यांची तीन चहाचे चमचे पूड मिसळून गोळा झाकून ठेवावा. जर्मन कारागीर असा गोळा थंड जागी आठवडेच्या आठवडे मुरवीत. आपल्या घरी एक रात्र पुरे. अनारशाचे पीठ मुरल्यावाचून अनारशास जाळी पडत नाही, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला या विलंबाचे मर्म निराळे सांगावयास नको. मुरताना कणकेत किंचित आंबटपणा येतो, आणि पुढे घातलेला क्षार त्या आंबटपणाशी मिळून जो वायू निर्माण करतो, त्यानेच बिस्कीट फुलते. तिकडे यासाठी पोटॅशचा क्षार वापरतात. पण मध मुळातच आम्ल असल्यामुळे आपला खायचा सोडा, एक चमचा, चमचाभर पाण्यात कालवून, हेच काम करतो.

सकाळी गोळा मेणासारखा घट्ट झालेला असतो. बोट रुतत नाही, म्हणून पाणी ओतण्याचा मोह होतो; तो कटाक्षाने आवरावा. तळव्यांच्या उबेने दाबीत दाबीत, एक अंडे व सोडा त्यात जिरवीत गेल्यास दहा मिनिटांत तो वळणावर येतो. मग अर्धा सेंटिमीटर जाड लाटून, वाटीने चकत्या पाडून, १८० अंशांवर बारा मिनिटे भाजाव्या. मधामुळे रंग लवकर चढतो, तेव्हा भट्टीपासून दूर जाऊ नये.

निवालेली चकती पाटावर टाकली तर लाकडासारखी टक् वाजते, आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. पुढच्या खेपेस लोणी वाढवून ते पदार्थाची जातच बिघडवितात. वस्तुतः हा कठीणपणा दोष नव्हे. मधाचा धर्म ओलावा ओढून धरण्याचा आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात, सफरचंदाची एक फोड सोबत ठेवून, ती फोड एक-दोन दिवसांआड बदलीत गेले, म्हणजे तीच बिस्किटे दोन आठवड्यांत मऊ होतात आणि मसाल्याचा तिखट कडवटपणा मधात मिसळून जातो. म्हणून नाताळात ही पाहुण्यांपुढे ठेवावयाची असतील, तर डिसेंबरचा पहिला आठवडा सरण्यापूर्वी ती भाजून डब्यात गेली पाहिजेत.