कढईतले उरलेले तेल

सणावाराला किंवा पाहुणे आले की घरात भजी, पुऱ्या, वडे होतात. तळण संपले की कढईत बरेच तेल उरते. महागाईच्या दिवसांत ते टाकून देणे गृहिणीच्या जिवावर येते आणि तेच तेल चार-चार वेळा चुलीवर चढते. ही काटकसर आरोग्याला परवडते का, हे पाहिले पाहिजे.

तेल असो वा तूप, रचना एकच. ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. ती सरळ असली की रेणू एकमेकांना खेटून बसतात आणि तूप थिजते. साखळीत दुहेरी बंध असला की ती तिथे वाकते, रेणू दाटीने बसत नाहीत. म्हणून करडई, सूर्यफुलाचे तेल पातळ राहते.

पातळ तेल हायड्रोजन वायूने घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट जर्मनीचे विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ साली घेतले. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांची सोय झाली. पण हे काम अर्धवट झाले की ट्रान्स मेद तयार होतो. तो रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, चांगले कमी करतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्के केली आहे.

आता कढईकडे वळू. उष्णता, हवा आणि पदार्थातले पाणी यांमुळे तेलाचे रेणू तुटतात. सुटी झालेली मेदाम्ले तेलाला लवकर धूर आणतात. काही रेणू एकमेकांना चिकटतात. तेल काळे, दाट होते, फेसाळते. अशा तेलातील बिघडलेले घटक २५ टक्क्यांहून अधिक झाले तर ते वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. नाक्यावरच्या गाडीवर खातानाही कढईवर नजर टाकावी.

माता-भगिनींनो, एवढे करा. तळायला लहान, खोल कढई घ्या, म्हणजे तेल कमी लागेल. धूर निघेपर्यंत तापवू नका. उरलेले तेल गाळून झाकून ठेवा, एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळायला घेऊ नका. काळे, चिकट, उग्र वासाचे तेल नव्या तेलात मिसळू नका, मोरीतही ओतू नका. रद्दी कागदात टिपून कचऱ्यात टाका.

वाटीभर तेल वाया गेल्याचे दुःख होईल, पण कमावत्या माणसाचे दुखणे घराला त्याहून महाग पडते.