बिनतारी गृहनिरीक्षण कॅमेरा

बिनतारी गृहनिरीक्षण कॅमेरा : घराचे दार, अंगण, गोठा किंवा खोली यांचे चित्र रेडिओ तरंगांद्वारे पाठविणारे व ते घरमालकास दूरवरून पाहता येईल असे लहान दूरचित्रण साधन. ‘बिनतारी’ हे विशेषण फक्त चित्रसंदेशाच्या वहनास लागू पडते. बहुतेक कॅमेऱ्यांना विद्युत् पुरवठ्याची तार लागतेच. केवळ विद्युत् घटमालेवर किंवा सौर पट्टावर चालणारे प्रकार याला अपवाद होत.

इतिहास : अमेरिकेतील परिचारिका मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांनी पतीच्या साहाय्याने दारावरील कॅमेरा व घरातील पडदा यांची योजना केली. तिचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले. पुढे अर्धसंवाहक प्रतिमा-संवेदक स्वस्त झाले. भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतापट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाल्यानंतर घरगुती बिनतारी साधनांचा मार्ग सुकर झाला.

उपयोगाची परिस्थिती : बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिणेस असून तेथील अनेक कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. या काळात घरास कुलूप असते किंवा मागे वृद्ध व शाळकरी मुलेच राहतात. अशा घरासाठी बसविण्यास सोपा कॅमेरा उपयुक्त ठरतो. मात्र त्याची निवड स्थानिक अडचणी लक्षात घेऊन करावी लागते.

निवडीचे निकष : (१) संदेशवहन : २·४ गिगॅहर्ट्‌झचे तरंग ५ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगांपेक्षा भिंतींतून अधिक चांगले जातात. तरीही जुन्या माळवदाच्या जाड दगडमातीच्या भिंती त्यांना बरेच क्षीण करतात, तर लोखंडी पत्रा त्यांना परावर्तित करतो. म्हणून भिंतीत छिद्रे पाडण्यापूर्वी कॅमेरा नियोजित जागी हातात धरून चित्र नीट येते की नाही हे पाहावे. घरात आंतरजालाची जोडणी नसल्यास भ्रमणध्वनीचे सिमकार्ड बसणारा कॅमेरा घ्यावा.

(२) साठवण : सेकंदाला १० लक्ष बिट या गतीने अखंड चित्रण केल्यास दिवसाला सु. १०·८ गिगॅबाइट माहिती जमते. ६४ गिगॅबाइटचे स्मृतिपत्र त्यामुळे सु. सहा दिवसांत भरते व पुढे जुने चित्रण पुसले जाऊ लागते. हेच चित्रण सिमकार्डावरून अखंड पाठविल्यास दिवसाची २ गिगॅबाइटची मर्यादा साडेचार तासांच्या आतच संपते. यास्तव हालचाल झाली असताच चित्रण करणारा व सूचना धाडणारा कॅमेरा सोयीचा असतो. कॅमेराच चोरीस गेला, तर त्यातील स्मृतिपत्रही जाते. महत्त्वाच्या प्रसंगांची प्रत दूरस्थ संग्रहात ठेवणे म्हणून इष्ट असते.

(३) वीज : भारनियमनात कॅमेऱ्याबरोबर आंतरजालाचा मार्गकही बंद पडतो, त्यामुळे केवळ कॅमेऱ्यास घटमाला असून भागत नाही. दोहोंना पुरेल असा राखीव पुरवठा लागतो. सौर पट्टाचे तोंड दक्षिणेकडे ठेवावे व त्यावरील धूळ वेळोवेळी पुसावी.

(४) हवामान व प्रकाश : उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व उन्हात तापलेल्या भिंतीवरील कॅमेरा त्याहूनही गरम होतो. म्हणून तो पागोळीखाली सावलीत बसवावा. उघड्यावरील कॅमेऱ्यास धूळ व पाणी यांपासून संरक्षण दर्शविणारी आयपी ६५ किंवा त्यावरील श्रेणी असावी. रात्रीसाठी अवरक्त दिवे लागतात. ८५० नॅमी. तरंगलांबीचे दिवे दूरवर पोहोचतात, पण मंद लाल दिसतात, ९४० नॅमी.चे दिसत नाहीत, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो.

सुरक्षितता व कायदा : २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक आज्ञावलीने कारखान्यात घातलेले परवलीचे शब्द न बदललेल्या असंख्य कॅमेऱ्यांचा ताबा घेतला होता. म्हणून परवलीचा शब्द प्रथमच बदलावा व उत्पादकाकडून सुधारित आज्ञावली मिळत राहील याची खात्री करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. स्त्रीचे खाजगी क्षणांतील चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. शयनगृह, न्हाणीघर व शेजाऱ्याचे अंगण दृक्‌क्षेत्रात येऊ देऊ नये. घरी राहणाऱ्या वृद्धांना व मुलांना कॅमेऱ्याची पूर्ण कल्पना द्यावी आणि त्यांची संमती घ्यावी.

मर्यादा : कॅमेरा घटना दाखवितो, ती थांबवीत नाही. शेकडो किमी. वरील फडात सूचना मिळाली, तरी दाराशी पोहोचणारा माणूस गावातच असावा लागतो. यामुळे विश्वासू शेजारी किंवा नातलग यांच्या भ्रमणध्वनीवरही सूचना जाईल अशी व्यवस्था करणे, हा निवडीचाच एक भाग मानला पाहिजे.