७२ तास, दीड जीबी

सर्वोच्च न्यायालयाच्या एका आदेशामुळे मी सातपुड्यातल्या त्या पोलीस ठाण्यात गेले. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की संवेदनशील गुन्हे वगळता प्रत्येक प्रथम खबर अहवाल २४ तासांच्या आत संकेतस्थळावर चढवायचा. अडचण आली तर ४८. आणि ठाणं अशा आडजागी असेल की तिथे नेटच पोचत नाही, तर जास्तीत जास्त ७२. दिल्लीहून डोंगराला मिळालेली ही सवलत कशी वापरली जाते, ते मला बघायचं होतं.

ती वापरावीच लागत नाही. कारण सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक यंत्रणेचं काम बघणाऱ्या महिला अंमलदाराकडे स्वतःचा मोबाईल आहे. “रोजचा दीड जीबी,” तिने बसल्या बसल्या सांगितलं. पॅक तिचा, पैसे तिचे.

त्या दिवशी एका पाड्यावरून म्हातारे शेतकरी आले होते. बाजारातून मोटारसायकल चोरीला गेलेली. ठाणे अंमलदारांनी विचारपूस केली, फिर्याद लिहून घेतली, अंगठा झाला. मग सीसीटीएनएसच्या ताईंनी ती टाईप करायला घेतली आणि स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं. आतून हवालदारांनी विचारलं, “ताई, साईट उघडली का?” दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताईंनी उत्तर न देता पर्समधून मोबाईल काढला, हॉटस्पॉट चालू केला आणि तो खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला. टेबलावर रेंज येत नाही. गजाला येते, तीही ठरावीक गजाला.

देशभरातली ठाणी एकमेकांना जोडणारी ही सीसीटीएनएस यंत्रणा केंद्राने २००९ मध्ये मंजूर केली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच. तरतूद २,००० कोटींची. खबर, अटक, जप्ती, दोषारोपपत्र, सगळं ठरलेल्या नमुन्यांत भरायचं, म्हणजे इथला चोर तिथल्या ठाण्याला दिसेल. कल्पना चांगलीच आहे. पण या ठाण्यापर्यंत येणारी केबल तालुक्यापासून रस्त्याकडेने येते आणि रस्ता रुंद होतो आहे. जेसीबीचा दात लागला की तार गेली. वीज गेली की काही वेळाने टॉवरची बॅटरीही मान टाकते. दुर्गम ठाण्यांसाठी उपग्रहाची सोयही योजनेत होती. त्यात संगणकावरची एकेक टिचकी सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येते, उत्तर त्याच वाटेने परत. निव्वळ त्या प्रवासातच अर्धा सेकंद मोडतो. गच्चीवर एक जुनी तबकडी आहे खरी. तिच्या खांबाला दोरी बांधून बरॅकमधली पोरं बनियन वाळत घालतात.

हॉटस्पॉटवर साईट उघडली, अर्धा नमुना भरला आणि जोडणी तुटली. ताईंनी पुन्हा पासवर्ड टाकला. चिडल्या नाहीत, चिडून डेटा वाचत नाही, म्हणाल्या. फिर्यादीला नक्कल फुकट द्यायची, असं कायदा सांगतो आणि म्हाताऱ्यांना ती विम्यासाठी हवीच होती. पण शेवटची गाडी चारला. ताई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही निघा. मी व्हॉट्सअॅपवर पाठवते.” म्हातारे हसले. “पाड्यावर कुठली रेंज, बाई? नातवाचा नंबर घे. तो टेकडीवर चढतो संध्याकाळी.”

म्हणजे रेंजसाठी इथे गज आणि तिथे टेकडी. ७२ तासांच्या हिशेबात नातवाची टेकडी धरलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि दीड जीबी अपुरा पडायला लागला. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. आधी पंचनामा म्हणजे दोन पंच आणि चार कागद. आता त्याला व्हिडिओची जोड आहे आणि तो ई-साक्ष्य अॅपमधून चढवायचा असतो. पुराव्याच्या दृष्टीने हे फार चांगलं आहे, यात शंका नाही. ठाण्यात बसून लिहिलेल्या पंचनाम्यांचे किस्से कोणी ऐकलेले नाहीत? पण कलमात चित्रीकरण ‘शक्यतो मोबाईल फोनने’ करावं असं म्हटलं आहे. फोन कोणाचा, ते म्हटलेलं नाही. एक मोठी जप्ती झाली की दुपारीच ताईंच्या फोनवर संदेश येतो, आजचा डेटा संपला. मग ठाणे अंमलदारांचा दीड जीबी.

जिल्ह्याच्या आढाव्यात हे ठाणं वेळेत अहवाल चढवणाऱ्यांत मोडतं. साहेबांनी मला ते अभिमानाने सांगितलं आणि अभिमान खोटा नव्हता. मी रिचार्जच्या पैशांचं विचारलं.

“मोबाईल काय, सगळ्यांकडेच असतो,” ते म्हणाले.

ताईंनी मान वर केली नाही. जप्तीचा एक व्हिडिओ ६२ टक्क्यांवर अडकला होता.