गाडीत बसलेल्यांचं काय?

सोयाबीन विकून हाती पैसा आला की दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर जानेफळच्या पंचक्रोशीत गाड्या येतात. काही शोरूममधून, बऱ्याच पुण्या-मुंबईकडे काही वर्षं फिरून आलेल्या. हार घातला जातो, नारळ फुटतो, मग एजंट विचारतो, "फुल करू की फक्त थर्ड पार्टी?" उत्तर बहुधा तयारच असतं: "पोलिसानं अडवू नये एवढ्यापुरतं करा." या उत्तराचा पुन्हा विचार व्हावा, म्हणून हे लिहितो आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नं थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये लागतात, जीएसटी वेगळा. हा दर सगळ्या कंपन्यांना सारखाच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

आता हा 'थर्ड', म्हणजे तिसरा माणूस कोण, ते पाहा. रस्त्यानं चालणारा, सायकलवाला, समोरच्या गाडीतला. तो दगावला किंवा जखमी झाला तर कंपनीची जबाबदारी रकमेनं मर्यादित नाही. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. तुमची स्वतःची गाडी यात येत नाही. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की तुमच्या खाजगी कारमध्ये फुकट बसवलेली माणसंही यात सहसा येत नाहीत. तिलक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेल्याबाबत हेच म्हटलं: फक्त कायद्यापुरती पॉलिसी असेल तर अशा सहप्रवाशाची भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. उलट, पूर्ण, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गाडीत बसलेल्यांची जबाबदारी येते, असं विमा नियामकानं नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच फरक अधोरेखित केला.

मेहकर-खामगाव रस्त्यावर याचा अर्थ काय होतो? सासू, बायको, दोन लेकरं आणि शेजारची काकू घेऊन माणूस शेगावला दर्शनाला निघतो. चूक त्याच्याच हातून झाली आणि काकू गेली, तर तिच्या मुलांना भरपाई मागायचा हक्क आहे. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर ती मागणी थेट गाडीमालकावर, म्हणजे त्याच्या शेतावर येऊ शकते. फुल इन्शुरन्स पत्र्याच्या पोच्यासाठी असतो, असा समज गावोगाव आहे. माझ्या मते त्याचं खरं मोल आतल्या माणसांसाठी आहे.

मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो लागू व्हायला लायसन्स चालू हवं. सहप्रवाशांसाठीही दर सीटला दोन लाखांपर्यंतचं जादा संरक्षण अगदी थोड्या रकमेत मिळतं. एजंट ते आपणहून फारसं सुचवत नाहीत, मागून घ्या.

याहून अवघड प्रश्न पांढऱ्या नंबरप्लेटचा आहे. आपल्याकडे एसटी वेळेवर मिळत नाही, दवाखान्यासाठी अकोला किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, लग्नात वऱ्हाड न्यायचं असतं. मग गावातली कोणाची तरी खाजगी गाडी 'डिझेल अन् वरती काही' देऊन ठरते. अडलेल्याला गाडी देणारा वाईट नव्हे. पण खाजगी कारच्या पॉलिसीत भाड्यानं वापर करायचा नाही, अशी स्पष्ट अट असते. अपघातानंतर जबाबात भाड्याचा उल्लेख आला की गाडीचा क्लेम अडतो, आणि आतल्या लोकांच्या भरपाईवरही वाद उभा राहतो. नियमित भाडं मारणाऱ्यानं टुरिस्ट परमिट आणि व्यावसायिक पॉलिसी घ्यावी. खर्च जास्त आहे, तरी त्या घराची त्यातच सुरक्षा आहे. लायसन्स नसलेल्या पुतण्याच्या हाती किल्ली देण्याचंही तसंच. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालानंतर अशा प्रकरणांत न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात.

फुल इन्शुरन्सचा हप्ता मुख्यतः आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर चालतो. जुन्या टॅरिफनुसार ही किंमत दुसऱ्या वर्षात वीस टक्के घटते आणि चार वर्षं ओलांडली की निम्म्यावर येते. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढू नका; गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे मिळतात. मुंबई, पुण्यासारखी आठ महानगरं 'अ' विभागात आणि उरलेला देश 'ब' विभागात, अशी त्या टॅरिफची वाटणी होती. आपल्या एमएच-२८ पासिंगची गाडी 'ब' मध्ये, थोडी स्वस्त. १२०० सीसीच्या नव्या, सहा लाखांच्या गाडीवर हा फरक साडेपाचशेच्या आसपास होता. २००७ पासून हे दर कंपन्यांच्या हाती आले, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

नो क्लेम बोनस वीस टक्क्यांपासून पाचव्या वर्षी पन्नासपर्यंत चढतो, पण फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. हा भाग दहा हजारांचा धरा. पन्नास टक्के बोनस असताना एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा पन्नासपर्यंत पोचेस्तोवर मिळून सुमारे साडेबारा हजार जास्त जातात. चार हजारांच्या घासपट्टीसाठी क्लेम करू नये, ते याच हिशेबानं.

जादा कव्हरपैकी झिरो डेप नव्या गाडीला घ्यावं. ते नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात. रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं तर ते नुकसान फुल पॉलिसीत येतं, फोटो काढून लगेच कळवा. पैनगंगेला पूर आला आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्ट नसल्यास क्लेम बहुधा नाकारला जातो. अशा वेळी स्टार्टर मारू नका, गाडी ओढून न्या. टोइंग किती किलोमीटरपर्यंत मोफत आणि कॅशलेस गॅरेज कोणत्या गावात, हे पॉलिसी घेतानाच विचारा.

शेवटी जुन्या गाड्या. विकत घेतली की थर्ड पार्टीचं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे येतं, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. आरसीवर नाव बदललं आणि पॉलिसीवर जुन्याचंच राहिलं, तर अपघातानंतर गाडीच्या नुकसानीचं दोघांनाही काही मिळत नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. बोनस विकणाऱ्याचा असतो, त्यामुळे तुम्हाला फरक भरावा लागेल. क्लेम नाकारला आणि कंपनीत तक्रार करूनही उपयोग झाला नाही, तर विमा लोकपालाकडे पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण फी न भरता, वकील न लावता नेता येतं.