चार ट्रान्झिस्टर आणि एक पाऊल

स्टेपर मोटर साध्या मोटरीसारखी अखंड फिरत नाही. तिच्या वेटोळ्यांतून ठरावीक क्रमाने प्रवाह सोडला, की तिचा दांडा नेमक्या कोनातून सरकून थांबतो, आणि एका फेरीत २०० पावले टाकणाऱ्या प्रचलित मोटरीत हा कोन १.८ अंशांचा असतो. दिलेल्या पावलांची संख्या मोजली तरी दांडा कोठे आहे हे कळत असल्यामुळे प्रिंटर आणि लहान स्वयंचलित यंत्रे यांत तिला मोठी मागणी आहे. अडचण एवढीच, की पावलांचा क्रम ठरवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरपाशी बुद्धी असली तरी बळ नसते. अर्डुइनो ऊनोसारख्या पाटीच्या एका पिनेतून निर्धास्तपणे सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो, तर मोटरीच्या वेटोळ्याला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. ही दरी सांधणाऱ्या परिपथाला चालक-परिपथ म्हणतात.

उदाहरणासाठी सहा तारांची, १२ व्होल्टची युनिपोलर मोटर घेता येईल. युनिपोलर म्हणजे जिच्या दोन्ही वेटोळ्यांच्या मध्यातून एकेक तार बाहेर काढलेली असते अशी; मल्टिमीटरने रोध मोजला असता मधल्या तारेपासून टोकापर्यंतचा रोध टोकापासून टोकापर्यंतच्या रोधाच्या निम्मा भरतो आणि त्यावरून मधली तार ओळखता येते. अर्ध्या वेटोळ्याचा रोध ४० ओहम असेल, तर त्यातून ३०० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. दोन्ही मधल्या तारा १२ व्होल्टला जोडून चार टोके चार एनपीएन ट्रान्झिस्टरांच्या कलेक्टरना जोडली आणि एमिटर ऋण तारेला नेले, की परिपथाचा सांगाडा तयार होतो. नवशिक्यांच्या ओळखीचा बीसी५४७ येथे उपयोगाचा नाही, कारण त्याची मर्यादाच १०० मिलिअँपिअर आहे. बीसी३३७ हे काम पेलतो.

ट्रान्झिस्टरच्या बेसला दिलेल्या अल्प प्रवाहामुळे कलेक्टरातून मोठा प्रवाह वाहतो, परंतु येथे ट्रान्झिस्टरने वर्धकाचे नव्हे, तर बटणाचे काम करायचे असल्यामुळे तो पूर्ण उघडणे, म्हणजेच संपृक्त होणे, आवश्यक असते. तो अर्धवट उघडला, तर १२ पैकी ६ व्होल्ट त्याच्यावरच पडतील आणि १५० मिलिअँपिअर प्रवाहात ०.९ वॅट उष्णता निर्माण होईल. बीसी३३७ साधारण तापमानालाही ०.६२५ वॅटपेक्षा अधिक सोसत नाही. म्हणून माहितीपत्रकातील वर्धनांकावर विसंबून न राहता बेसचा प्रवाह कलेक्टरच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका, म्हणजे १५ मिलिअँपिअर, धरतात. पिनेचे ५ व्होल्ट आणि बेस-एमिटरमधील सुमारे ०.९ व्होल्ट यांतील फरकाला या प्रवाहाने भागले, की २७० ओहमचा रोधक येतो.

येथपर्यंतचा हिशेब सरळ आहे; खरी कसोटी प्रवाह बंद करताना लागते. वेटोळ्यात चुंबकीय ऊर्जा साठलेली असते आणि त्यातील प्रवाह क्षणात थांबू पाहत नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टर मिटताच त्याच्या कलेक्टरवर दाबाचा असा झटका बसतो, की तो जागीच निकामी होऊ शकतो. यावर रूढ उपाय म्हणजे वेटोळ्याला समांतर उलटा डायोड लावणे, जेणेकरून उरलेला प्रवाह त्यातून फिरत विरून जाईल. तो सावकाश विरतो हीच मात्र या उपायाची उणीव आहे: मोटर वेगाने फिरवताना मागच्या पावलाचा प्रवाह पुढच्या पावलात रेंगाळतो, बळ घटते आणि पावले हुकतात. डायोडशी एकसर झेनर डायोड जोडल्यास विरोधी दाब वाढून प्रवाह लवकर ओसरतो. या मोटरीत आणखी एक छुपा प्रकार घडतो. वेटोळ्याचे दोन अर्ध एकाच गाभ्यावर असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरप्रमाणे एका अर्धावर १२ व्होल्ट आले, की दुसऱ्याचे मोकळे टोक २४ व्होल्टच्या आसपास चढू पाहते. म्हणून ट्रान्झिस्टरची दाबक्षमता पुरवठ्याच्या दुपटीहून बरीच अधिक असावी लागते. बीसी३३७ चे ४५ व्होल्ट येथे पुरतात.

मोटरीचा आणि मायक्रोकंट्रोलरचा पुरवठा वेगळा असला तरी दोहोंची ऋण तार एकत्र जोडावीच लागते, नाहीतर बेसच्या प्रवाहाला परतीची वाटच मिळत नाही. अचूक जुळवलेला परिपथ मुका राहण्याचे हे बहुधा सर्वांत सामान्य कारण असावे.

सुट्या भागांची ही खटपट टाळण्यासाठी यूएलएन२००३ ही चकती वापरतात. एका ट्रान्झिस्टरचा प्रवाह दुसऱ्याच्या बेसला देणाऱ्या ज्या रचनेचे एकस्व बेल प्रयोगशाळेतील सिडनी डार्लिंग्टन यांना १९५३ मध्ये मिळाले, तशा सात जोड्या, बेसचे रोधक आणि डायोड या चकतीत सामावलेले असतात आणि पिनेकडून तिला जेमतेम एक-दीड मिलिअँपिअर प्रवाह लागतो. या सोयीची किंमत दाबात मोजावी लागते, कारण डार्लिंग्टन जोडी पूर्ण उघडली तरी तिच्यावर पाऊण ते एक व्होल्ट पडतो. १२ व्होल्टच्या मोटरीला तो जाणवत नाही. पण या चकतीसोबत सर्रास विकल्या जाणाऱ्या ५ व्होल्टच्या छोट्या २८बीवायजे-४८ मोटरीच्या वाट्याला त्यामुळे जेमतेम सव्वाचार व्होल्ट येतात.