दार उघडल्यावरची रुंदी

पार्किंगची जागा कागदावर मोजली की ती नेहमी पुरेशी वाटते. नकाशात गाडी म्हणजे एक चौकोन असतो. त्याची दारं बंद असतात आणि आत कुणी बसलेलं नसतं. छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात धाकट्या भावाच्या घराची आखणी झाली, तेव्हा मिस्त्रीने हा चौकोन कागदावरून जमिनीवर उतरवला. खोदाई अजून व्हायची होती. पोर्चच्या दोन्ही भिंतींच्या जागी त्याने चुन्याची फक्की मारली, कॉलमच्या जागी कमरेएवढे विटांचे ढीग रचले आणि म्हणाला, "दादा, आता गाडी आत घ्या. अन् आईंना मागं बसवा."

नकाशात पोर्चची रुंदी नऊ फूट होती. गाडी सहज आत आली. पण आईच्या बाजूचं दार विटांना लागलं ते जेमतेम अर्धंच उघडून. तिचे गुडघे दुखतात. आधी दोन्ही पाय बाहेर काढायचे, मग दाराला धरून उठायचं, असं तिचं उतरणं. त्यासाठी दार पूर्ण उघडावं लागतं. मिस्त्रीने टेप धरला, दाराच्या टोकापर्यंतचं माप घेतलं आणि त्यापुढे उभ्या माणसासाठी थोडी जागा धरली. पोर्चची खरी रुंदी ठरायला सुरुवात झाली ती इथून.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत एका मोटारीच्या पार्किंगसाठी २.५ मीटर बाय ५ मीटरची जागा धरली आहे, म्हणजे सव्वाआठ फूट बाय साडेसोळा फूट. स्विफ्टसारखी गाडी १,७३५ मिलिमीटर रुंद, आरसे सोडून. उरतात दोन्हीकडे मिळून अडीच फूट. अपार्टमेंटखाली ओळीने गाड्या लागतात तिथे हे चालून जातं, कारण शेजारची गाडी नसली की तिची जागा आपल्या दाराला मिळते. घराच्या पोर्चला दोन्हीकडे भिंती असतात, आणि भिंत कधी बाहेर जात नाही. शिवाय नकाशातलं माप विटेपासूनचं असतं. त्यावर प्लास्टर चढतं, हौस असेल तर खालच्या भागाला टाइल लागते, आणि नऊ इंचाच्या भिंतीतून बारा-पंधरा इंचाचा कॉलम पुढे आला असेल तर त्याचं नाक नेमकं दारासमोर येतं. म्हणून इंजिनिअरला सांगताना "प्लास्टरनंतर, कॉलमच्या नाकापासून क्लिअर" असंच सांगावं. आमचा हिशेब असा झाला: डावीकडे आईसाठी तीन फूट, गाडी सहा फूट, उजवीकडे चालवणाऱ्यासाठी दोन. एकूण अकरा. हॉलची रुंदी दोन फुटांनी कमी झाली. वहिनींना ते आधी पटलं नाही. मग त्या स्वतः मागच्या सीटवर बसून उतरून पाहून आल्या आणि त्यांनीच हॉलची खिडकी सरकवून घेतली.

गाडी सहा फूट का धरली? घर पन्नास वर्षांसाठी बांधतात आणि गाडी दहा वर्षांत बदलते. मारुती ८०० ची रुंदी १,४४० मिलिमीटर होती. आजची क्रेटा १,७९०, स्कॉर्पिओ-एन १,९१७. लांबीवर आपल्याकडे एक लगाम आहे: २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळाली, त्यामुळे बऱ्याच गाड्या त्या रेषेच्या आतच थांबल्या. रुंदीला असा लगाम नाही. शहरातल्या सिडकोच्या जुन्या घरांमध्ये हे आजही दिसतं. ज्या काळात वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्या काळात ओट्याशेजारी स्कूटर मावली की पार्किंग झालं. २०१० मध्ये याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर बातमी झाली. तेवढ्या वेळात गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि रात्री सिडकोच्या एन-सेक्टरांमधून फिरलं तर घराची गाडी घराबाहेर रस्त्यावर उभी दिसते.

रस्त्याचा प्रश्न गेटपाशी येतो. आमच्यासमोरचा रस्ता वीस फुटी. पलीकडच्या घरासमोर गाडी उभी असली की वळायला बारा-तेरा फूट उरतात. दहा फुटांच्या गेटमधून भावाला पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागत होतं आणि कोपऱ्यावरचा विजेचा खांब आरशाला भिडत होता. गेट बारा फुटांचं धरलं, खांबाकडची बाजू तिरकी कापली, तेव्हा गाडी एका वळणात आली. माझं मत असं की अरुंद रस्त्यावर आतली लांबी फूटभर कमी झाली तरी चालेल, गेटची रुंदी कमी करू नये.

गेट कसं उघडतं, यावरही लांबी अवलंबून असते. आत उघडणाऱ्या दोन पल्ल्यांचं बारा फुटी गेट असेल तर प्रत्येक पल्ला सहा फुटांचा. तो फिरायला तेवढी जागा गाडीच्या पुढे मोकळी लागते. बाहेर उघडलं तर रस्ता अडतो. आम्ही रुळावरचं सरकतं गेट घेतलं, त्यासाठी कंपाउंडची एक बाजू झाडं न लावता मोकळी ठेवली. लांबी अठरा फूट. फरशीला गेटकडे उतार, अठरा फुटांत दोन इंचांचा. धुतल्यावर पाणी साचत नाही. बीमखाली आठ फूट उंची सोडली.

या शहरात पार्किंगचं माप पाण्यावाचून पुरं होत नाही. जायकवाडी धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतं, तेही कधी रात्री-अपरात्री. त्यामुळे प्रत्येक घराला जमिनीखाली हौद लागतो आणि तो हमखास पोर्चखालीच जातो. बहुतेक घरांत हौदाचं झाकण गाडीच्या बरोबर खाली येतं. पाणी आलं की किती भरलं हे बघायला गाडी काढा, हौद धुवायचा तर गाडी काढा. चाकाखाली आलेलं हलकं झाकण फुटतं ते वेगळंच. आम्ही हौद पोर्चखालीच ठेवला, पण गाडीचा भार धरून स्लॅबची सळई इंजिनिअरकडून वाढवून घेतली आणि झाकण डावीकडच्या तीन फुटांत, मागच्या कोपऱ्यात सरकवलं. आईच्या उतरण्यासाठी सोडलेली जागा अशी दुहेरी कामाला आली. झाकण फरशीच्या पातळीत बसवलं, तिचा पाय अडखळायला नको म्हणून.

दोन स्कूटी गाडीच्या मागे लावायच्या नाहीत, एवढं ठरलं होतं. सकाळी मुलीच्या क्लाससाठी आधी मोटार काढणं शक्य नसतं. त्यांच्यासाठी साइड मार्जिनमध्ये साडेतीन फुटांचं वेगळं छोटं गेट केलं. त्या गेटशेजारीच कंपाउंडमधून हौदात जाणारा तीन इंची पाइप टाकला, म्हणजे उन्हाळ्यात टँकर आला की रस्त्यावरूनच नळी लावता येते आणि पोर्चमधली गाडी हलवावी लागत नाही.